पोती कुठे गेली ते सांगा

तोरण्यावर पुण्या-मुंबईच्या माणसांनी टाकलेला कचरा पायथ्याच्या शाळेतल्या पोरांनी का उचलायचा, याचं सरळ उत्तर मला आजवर एकाही अधिकाऱ्यानं, एकाही संस्थेच्या कार्यकर्त्यानं, कंपनीच्या एकाही साहेबानं दिलेलं नाही. विचारलं की फोटो पुढे करतात. फोटोत आठवी-नववीची मुलंमुली, हातात रबरी मोजे, अंगात देणगीदाराचं नाव छापलेला टी-शर्ट, पायाशी भरलेली पोती आणि मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर ‘विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखाली’ हे शब्द असतातच. तो फ्लेक्सही प्लास्टिकचाच. कार्यक्रम संपला की कुणाच्या तरी गोठ्यावर जातो आणि दोन पावसाळ्यांत फाटून ओढ्यात उतरतो.

माझं माहेर वेल्ह्याकडचं, सासर भोरचं. आधी पालक म्हणून आणि पुढे शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून हे उपक्रम मी जवळून पाहिले आहेत. म्हणून स्पष्टच लिहिते. यात नेतृत्व नाही. ही बिनपगारी सफाई आहे, आणि ज्यांच्याकडून ती करून घेतली जाते त्यांनी हा कचरा केलेला नाही.

नेतृत्व म्हणजे ठरवायचा हक्क. कचरा कुणी केला, तो कुणी उचलायचा, नाही उचलला तर जाब कुणाला विचारायचा, हे ज्याला ठरवता येतं तो पुढारी. आमच्या पोरांना यातलं काहीही ठरवता येत नाही. विषय पुण्यात ठरतो, तारीख देणगीदाराच्या सोयीनं ठरते, अहवालाचा नमुना छापून तयार असतो. मुलांच्या वाट्याला येतं ते वाकणं आणि उचलणं. वर्गातल्या पाच-सहा जणांच्या छातीवर ‘पर्यावरण दूत’ असा बिल्ला लावला की काम झालं, असं ही मंडळी मानतात.

जरा नकाशा समोर धरा. वेल्हे तालुक्यात, म्हणजे सरकारदरबारी आताच्या राजगड तालुक्यात, पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणं आहेत. एकाची साठवण १०.६५ टीएमसी, दुसऱ्याची १२.८२. खडकवासला साखळीत एकंदर चार धरणं, आणि त्यांच्या एकूण साठ्यातला ऐंशी टक्के वाटा या दोघांचा. पुणं पितं ते हे पाणी. भोरचं भाटघर १९२८ साली पुरं झालं, आणि तेव्हापासून त्याचं पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातंय. नीरा-देवघर आणि गुंजवणी त्यानंतरची. या सगळ्यांखाली गेल्या त्या आमच्या खोऱ्यांतल्या जमिनी, उठली ती आमच्या आज्या-पणज्यांची गावं. पाणी खाली जातं आणि शनिवार-रविवारी त्याच रस्त्यानं कचरा वर येतो. पावसाळा लागला की तोरणा, राजगड, मढे घाट, पानशेतचा काठ, कुठेही पाय ठेवायला जागा नसते. माणसं येतात, भिजतात, खातात, पितात आणि बाटल्या, पाकिटं, कागदी म्हणून विकलेले पण आतून प्लास्टिक लावलेले पेले जागच्या जागी टाकून रात्रीच्या आत घरी पोचतात. ११ जुलै २०२५ रोजी राजगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्या यादीनं गर्दी वाढणार आणि गर्दीमागचा केर गडाखालच्या गुंजवण्याच्या नि पालच्या पोरांच्या गळ्यात पडणार असेल, तर त्याचा बंदोबस्त आधी करायला हवा होता. तो कुणी केला?

आता ही पोरं ज्या घरांतून येतात त्या घरांत वाया काय जातं ते येऊन बघा. उष्टं-खरकटं गुराला नाहीतर कोंबड्यांना. शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात. भाताचा पेंढा गोठ्यात, तूस चुलीत, राख भांड्यांना. जुनी लुगडी गोधडीत. तेलाचा डबा पाणी तापवायला. हे शहाणपण गरिबीनं शिकवलंय, त्याचे गोडवे मी गाणार नाही. माझ्या आईला परवडलं असतं तर तिनंही चार वस्तू फेकल्या असत्या. पण जी मुलगी शाळेत यायच्या आधी शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी करून येते, तिच्यासमोर पडदा लावून शहरातला माणूस ‘कमी वापरा, पुन्हा वापरा’ शिकवतो तेव्हा तो तिचा अपमान करत असतो. हा धडा ज्यांना हवा ते कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत राहतात. तिथे बैठकीला माणसं येत नाहीत आणि आली तर मधूनच उठून जातात. शाळेतली पोरं उठून जाऊ शकत नाहीत, म्हणून धडा त्यांना.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गडाच्या बंदोबस्ताबद्दल लिहिताना केराचाही विचार आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाकडेला केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटू नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. ती आज्ञा गडावर राहणाऱ्यांना होती. खालच्या गावाच्या पोरांना वर बोलावून केर काढून घ्या, असं अमात्यांनी लिहिलेलं नाही. ज्याचा केर, त्यानंच त्याची विल्हेवाट लावायची, आणि ती गडाखालच्या रयतेच्या माथी मारायची नाही, इतकं ते स्वच्छ आहे. त्या काळचा केर पालापाचोळा, शेण, लाकूडफाटा होता, म्हणून त्याची राख परसात चालत होती. आजच्या केराची राख भाजीला घातली तर ती भाजी खाववणार नाही.

आणि जाळणं आजही चालूच आहे. गडावरून पोती खाली आल्यावर पुढे काय होतं ते मी एका गावात पाहिलंय. कार्यक्रम झाला, वडापाव वाटला गेला, पाहुण्यांची बस गेली. पोती समाजमंदिरामागे रचून ठेवलेली. ग्रामपंचायतीची गाडी येणार, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. ग्रामपंचायतीकडे गाडीच नव्हती. दोन रात्रींत कुत्र्यांनी पोती फाडली, वर पाऊस पडला, वास सुटला. मग एके दिवशी दुपारी कुणीतरी रॉकेल टाकून काडी लावली. पाकिटांची आतली चंदेरी बाजू आधी आकसते, मग काळी होऊन थेंबाथेंबानं गळते, आणि तो थेंब खाली पडल्यावरही जळत राहतो. धूर जमिनीलगत सरकतो आणि घशात बसतो. अंगणवाडीची खिडकी त्याच बाजूला होती, सेविकेनं ती ओढून घेतली. त्या आगीत मुलांना दिलेले रबरी मोजेही होते. शेजारी उभी असलेली सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, “काकू, मग आम्ही वरून खाली आणलं कशाला?”

तिच्या या प्रश्नात सबंध उपक्रमाचं मोजमाप आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. मुलीला हे कुणी शिकवलेलं नाही. तिला शिकवलं गेलं ते हात धुवायचे कसे आणि पोत्याचं तोंड बांधायचं कसं. गोळा केलेल्याचं पुढे काय, हे उपक्रमाच्या अहवालात नसतं. किती किलो गोळा झालं एवढंच असतं. किलोचा आकडा देणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच प्रश्न असतो, की पोती कुठे गेली? भंगारवाल्याची पावती दाखवा, कचरा केंद्राची नोंद दाखवा. नसेल तर तो आकडा खोडा, कारण तुम्ही कचरा कमी केलेला नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेऊन तिथल्या लेकरांच्या नाकाखाली जाळला आहे.

भंगारवाला ही पाकिटं का घेत नाही, हे मुलांना माहीत आहे. मोठ्यांनाच ते ऐकायचं नसतं. पाण्याची बाटली तो घेतो, पुठ्ठा घेतो, पत्रा घेतो. पाच रुपयांच्या वेफरचं पाकीट घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे नि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत. असं बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करायचं, असं केंद्र सरकारनं प्लास्टिक कचरा नियमांत २०१६ साली लिहिलं होतं. म्हणजे २०१८ मध्ये ते बाजारातून जायला हवं होतं. प्रत्यक्षात मार्च २०१८ मध्ये नियमच बदलला. ज्या वेष्टनाचं पुनर्चक्रीकरण होत नाही, ज्यापासून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद करायचं, असा बदल झाला. जाळून ऊर्जा मिळते असं म्हटलं की कुठलंही पाकीट या व्याख्येतून निसटतं. कंपन्या सुटल्या. त्याच मार्चच्या २३ तारखेला महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, गाजावाजा केला, भाजीवाल्या बायांच्या पिशव्या जप्त केल्या. पाकिटं दुकानाच्या दारात माळ लावून लटकत होती, ती तशीच राहिली. त्याच अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर एक-दोन रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत घ्यायची तरतूद होती. भोरच्या बाजारपेठेत कुणा दुकानदारानं रिकामी बाटली घेऊन रुपया परत दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

अशी अनामत चालते, हे निलगिरीत सिद्ध झालंय. मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे तिथल्या सरकारी दारू दुकानांनी २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जादा घ्यायला आणि रिकामी बाटली आणून दिली की परत द्यायला सुरुवात केली. डोंगरात फुटून पडणाऱ्या बाटल्या दुकानात परत यायला लागल्या. शाळेतलं एक पोर त्यासाठी डोंगरावर चढवावं लागलं नाही. मढे घाटात काचा पडल्यात, बैलांच्या खुरांत घुसतात. इथे ही योजना का नाही, हे विचारायला कुठला ‘पर्यावरण दूत’ पाठवला जातो का?

कंपन्यांवर २०२२ पासून जबाबदारी टाकलेली आहे, त्यांनी बाजारात सोडलेल्या प्लास्टिकइतकं प्लास्टिक गोळा करून मार्गी लावायचं. पण ती पाळायची कशी? देशात कुठेतरी कुणीतरी तेवढ्या वजनाचं काम केल्याचं प्रमाणपत्र विकत घेतलं की पाळली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. तोरण्याच्या बिनी दरवाज्याशी पडलेलं पाकीट त्या हिशेबात येतच नाही. ते आमच्या मुलीच्या पोत्यात येतं. मग त्याच कंपन्यांपैकी एखादी आपल्या सामाजिक निधीतून शाळेला चार रंगीत डबे देते आणि त्या डब्यांवर आपलं नाव रंगवून घेते. हे मला सहन होत नाही. डबे नकोत. पाकीट परत न्या.

पैशाचा हिशेबही बघा. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये. हजार वस्तीच्या गावाला साठ हजार. ते माणसं मोजतात ती जनगणनेतली. पावसाळ्यातल्या एका रविवारी त्या गावातून गडावर जाणारी माणसं कुणी मोजत नाही, पण कचरा त्यांचा असतो. त्याच टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचं केंद्र उभारायला १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठल्या गावात आहे, रोज किती किलो येतं, चालवतो कोण, हे शाळेनं मुलांना घेऊन जाऊन दाखवलं पाहिजे. सहलीला ती जागा सगळ्यात चांगली. बालसभा भरवा असं केंद्राचं पंचायतराज मंत्रालय सांगतं. भरवा ना. त्या सभेत मुलांनी हा प्रश्न विचारावा आणि ग्रामसेवकानं उत्तर इतिवृत्तात लिहावं. मी समितीत असताना हे एकदा सुचवलं होतं. मला सांगण्यात आलं की मुलांना राजकारणात ओढू नका. झाडू दिला तर संस्कार, प्रश्न दिला तर राजकारण. ही वाटणी कुणी केली?

शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो पाळला तर शाळेच्या आवारातला निम्मा कचरा उद्यापासून बंद होईल, कारण आवारात सापडतं ते जवळजवळ सगळं फाटकासमोरच्या टपरीवरचं असतं. टपरीवाल्याशी माझं भांडण नाही. त्याला शेंगदाण्याची चिक्की, उकडलेल्या शेंगा, पेरू विकायला मदत करा, तो विकेल. भोरच्या बाजारात पेरू आणि शेंगा मिळतात, पाकीट लागत नाही. हे काम शिक्षणविभागाचं आणि अन्न प्रशासनाचं आहे. ते करत नाहीत आणि मुलांना मात्र पाकिटाचे तुकडे बाटलीत ठासून ‘इको ब्रिक’ बनवायला बसवतात. त्या बाटल्यांचा कट्टा शाळेच्या कोपऱ्यात उन्हानं तडकतो, आतलं पुन्हा बाहेर येतं. मुलांचे चित्रकलेचे नि कार्यानुभवाचे तास त्यात गेलेले असतात.

आता सरकारनं स्वतः शाळांत काय केलं ते सांगते, कारण कागद वाचवा, झाड वाचवा असं भिंतीवर रंगवून घेणारं खातं तेच आहे. २०२३ च्या जूनमध्ये पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्यामागे कोरी पानं घातली. वहीचं ओझं कमी होईल म्हणाले. पुस्तकं जाड झाली, वह्या सुटल्या नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तकात लिहिल्यामुळे ते दुसऱ्याच्या कामाचं राहिलं नाही. आमच्या वेळी वरच्या वर्गातल्या मुलीचं पुस्तक खालच्या मुलीला जायचं, शाळेत पुस्तकपेढी असायची, आणि कव्हर घालून पुस्तक जपणं हा ज्याच्या त्याच्या इज्जतीचा मामला होता. कोऱ्या पानांनी ती साखळी तोडली. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला. मधल्या काळात छापलेल्या कागदाचा हिशेब कुणी दिला नाही. कोऱ्या पानांच्या पुढच्याच वर्षी गणवेश. २०२४ मध्ये एक राज्य एक गणवेश म्हणून कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून. गावात शिंपी असताना मापं न घेता शिवलेले कपडे आले, उशिरा आले, पोरांना बसले नाहीत. डिसेंबरमध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. कापड वाया, पैसा वाया, पोरं जुन्या कपड्यांत. यावर कुठल्या शाळेनं ‘कचरामुक्ती’चा प्रकल्प केला? मुलांनीच केला असता, त्यांना विचारलं असतं तर. आपल्या अंगावरच्या कपड्याबद्दल आणि दप्तरातल्या पुस्तकाबद्दल त्यांना जितकं कळतं तितकं मंत्रालयात कुणालाही कळत नाही.

मुलींना तर काही विचारतच नाहीत. शाळेतल्या कचऱ्याचा सगळ्यात अवघड भाग त्यांच्या पाळीचा आहे. वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा नसतो, संडासात पाणी नसतं, कुठे जाळायचं यंत्र बसवलेलं असतं पण वीज नसते किंवा ते बिघडून गंजलेलं असतं. म्हणून मुली पॅड कागदात गुंडाळून दप्तरातून घरी नेतात नाहीतर त्या चार दिवसांत शाळेतच येत नाहीत. कुठल्याही रंगीत डब्यावर याचं नाव नाही. पाहुणे आले की त्यांना गांडूळखताचा खड्डा दाखवतात, या संडासाकडे नेत नाहीत. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायकांनी काही वर्षांपूर्वी लोकांच्या घरातून आलेले वापरलेले पॅड पाकिटात बांधून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. त्या बायका कचऱ्याच्या धंद्यात मुरलेल्या, आणि त्यांनी नेमकं दुखणं ओळखलं. आमच्या शाळांत तज्ज्ञ म्हणून बोलवायचं तर त्यांना बोलवा.

आता मला सांगतील की लहानपणी सवय लागली तर पुढे माणूस सुधारतो, श्रमदानात कमीपणा कसला, गाडगेबाबांनी काय शिकवलं? गाडगेबाबांचं नाव माझ्यापुढे घेऊ नका. बाबा स्वतः झाडायचे, मोठ्या माणसांनी भरलेल्या गावाच्या डोळ्यांदेखत झाडायचे, आणि रात्री कीर्तनात त्याच माणसांना एकेक प्रश्न विचारून भर मंडपात उत्तर द्यायला लावायचे. सरकारनं २००० सालापासून त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, त्यात झाडू घेतला आणि प्रश्न विचारणं सोडून दिलं. स्वतःचा वर्ग झाडणं, स्वतःचं ताट धुणं, शाळेच्या बागेला पाणी घालणं, हे मी आनंदानं मान्य करते. ते आमच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्याला प्रकल्प म्हणत नाहीत. दुसऱ्याची दारूची बाटली चौदा वर्षांच्या मुलीनं उचलणं हा संस्कार नाही. त्यातून टाकणाऱ्याला इतकंच कळतं की उचलणारं कुणीतरी आहे.

खरं नेतृत्व केलेल्या मुलांचं आपण काय करतो तेही पाहिलंय. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या आरेत झाडं पाडायला सुरुवात झाली आणि अडवायला गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. त्यात विद्यार्थी होते, परीक्षा तोंडावर आलेले. तिसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं आणखी तोड थांबवली ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर मंत्र्यांना ईमेल पाठवा म्हणणाऱ्या तरुणांचं संकेतस्थळ बंद पडलं आणि त्यांना दिल्ली पोलिसांची नोटीस गेली तीत दहशतवादविरोधी कायद्याचं कलम होतं. नंतर ती चुकून गेली म्हणून मागे घेतली. म्हणजे मूल वाकलेलं असेल तर त्याला बिल्ला, मान वर केली तर नोटीस. भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांना हे ठाऊक आहे, म्हणून ते गप्प राहून फोटो अपलोड करतात. रेंज मिळावी म्हणून शाळेमागच्या टेकाडावर चढून अपलोड करतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून जास्त. नमुना म्हणून कुठली नावं पुढे केली? नंदुरबारचं तोरणमाळ आणि आमचं पानशेत. पानशेतची इमारत चांगली आहे, तिथल्या मुलांना प्रयोगशाळा मिळाली असेल तर मला आनंदच आहे. पण डोंगरातली शाळा म्हणजे पायी येणारी पोरं, गावातच शिजणारी खिचडी, उरलंसुरलं खाणारी गावचीच गुरं, आणि गावच्या कचऱ्याबद्दल गावात बोलणारे एक गुरुजी. ती बंद करून सहा वर्षांच्या मुलाला रोज डिझेलच्या गाडीत बसवायचं आणि दुसऱ्या हातानं उरलेल्या शाळांना पर्यावरणस्नेही असल्याचे गुण द्यायचे, या दोन्ही गोष्टी एकाच खात्याच्या सहीनं होतात. ज्या शाळा जवळजवळ कचरा करतच नाहीत त्यांच्याच अस्तित्वावर आधी वरवंटा.

तमिळनाडूत तूतुकुडीच्या एका मुलींच्या शाळेनं २०१८ मध्ये काय केलं ते आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक मुख्याध्यापकानं वाचावं. मुलींनी दोन आठवड्यांत खाऊची वीस हजारांहून जास्त वेष्टनं जमवली, कंपनीवार वेगळी केली, मोजली, आणि ज्यांची सगळ्यात जास्त निघाली त्या कंपन्यांना ती परत पाठवली. सोबत पत्र : तुमचा माल आम्हाला आवडतो, वेष्टन बदला. पोती कुठे गेली, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. लखनौच्या एका शाळकरी मुलीनं २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून केंद्र सरकारला कागद शोधायला लावले होते, तेव्हा ती दहा वर्षांची होती. आमच्या मुली कुठे कमी आहेत? औपचारिक पत्र त्यांना शाळेत शिकवतातच, परीक्षेला असतं. प्रति, विषय, मायना, दिनांक, सगळं पाठ. फक्त ते पत्र काल्पनिक महापौरांना लिहिलेलं असतं आणि उत्तरपत्रिकेबरोबर रद्दीत जातं.

या वर्षी ते खऱ्या पत्त्यावर लिहू द्या. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात कंपनीचं नाव नि पत्ता असतो, नियमानं असावाच लागतो. एक पत्र त्या पत्त्यावर. एक गटविकास अधिकाऱ्यांना, तालुक्याच्या प्लास्टिक केंद्राबद्दल. एक पुणे महापालिका आयुक्तांना, की तुमच्या शहराचं पाणी आमच्या खोऱ्यातून येतं, त्या खोऱ्यातला तुमच्या माणसांचा कचरा न्यायला आठवड्याला एक गाडी कधी पाठवता. मजकूर मुलींनी ठरवायचा, शुद्धलेखन तेवढं बाईंनी तपासायचं, तिकिटाचे पैसे देणगीदारानं टी-शर्टांऐवजी द्यायचे. आवक-जावक नोंदवहीत नंबर पडला पाहिजे. उत्तर आलं तर ते परिपाठाला वाचायचं. महिनाभर आलं नाही तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे रोजचा पट लिहितात, तिथे त्या कार्यालयाचं नाव आणि पत्राची तारीख लिहायची, आणि उत्तर येईपर्यंत ती पुसायची नाही.